ऑफिसच्या फोनला दिवस-रात्र शिकवताना: ईपीएबीएक्सवर वेळापत्रक कसं लावायचं

ऑफिसच्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे आतले फोन बाहेरच्या लाइनींना जोडणाऱ्या मशीनवर, वेळापत्रक लावणं दिसायला अर्ध्या तासाचं काम: कुठल्या वेळी कॉल कुठे जाईल ते ठरवायचं. स्क्रीनवर वेळा टाकायच्या, वार निवडायचे, सेव्ह करायचं, चहा घ्यायचा. सुरुवातीची काही वर्षं मीही तसंच करायचो. मग रविवारी सकाळी पोहे ताटात असताना गिऱ्हाइकाचा फोन यायचा, "अहो, आपल्या फोनवर बाई सांगतेय ऑफिसमध्ये तुमचं स्वागत आहे, आणि आत नुसती घंटा वाजतेय." आता पहिले दोन तास मी मशीनला हातच लावत नाही. का, ते पुढे येईल.

उदाहरणाला एक जागा घेऊ. पंपांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. ऑफिस नारायण पेठेत, वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत. ऑफिसला सुट्टी रविवारी, वर्कशॉपला गुरुवारी, कारण भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. बाहेरच्यांसाठी नंबर मात्र एकच, ०२० वाला. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस एक घर उघडं आणि एक बंद. पुण्यात अशी कामं सारखी येतात, आणि वेळापत्रकातली बहुतेक दुखणी या एकाच उदाहरणात सापडतात.

शब्द आधी सरळ करून घेऊ. "टाईम सर्व्हिस", "शेड्यूल्ड सर्व्हिस", "नाईट मोड" अशी नावं प्रत्येक कंपनी आपापली ठेवते. नॉर्टेलच्या जुन्या नॉरस्टार मशीनमध्ये याचे तीन स्वच्छ भाग होते. आलेला कॉल कुठल्या फोनांवर वाजेल ते रिंगिंग, कुठल्या फोनवरून काय लावता येईल ते रिस्ट्रिक्शन, आणि लावलेला कॉल कुठल्या लाइनवरून बाहेर पडेल ते राउटिंग. फीचर ८७१, ८७२ आणि ८७३ दाबून ते चालू करता यायचे. नॉर्टेल २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हा धंदा अवायानं घेतला, पण ही विभागणी डोक्यात ठेवण्यासारखी आहे. पॅनासॉनिकच्या मशीनवर डे, लंच, ब्रेक आणि नाईट असे चार मोड मिळतात. मी सध्या बहुतेक ठिकाणी ॲस्टरिस्क या फोनच्या सॉफ्टवेअरवर चालणारं फ्रीपीबीएक्स बसवतो, म्हणून खालचे स्क्रीनवरचे शब्द त्याचे आहेत. तुमचं मशीन वेगळं असेल तर शब्द बदलतील, क्रम नाही.

आधी कागद

आडवे सात वार, उभे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. हा कागद मालकांकडून भरून घेऊ नका. मालक त्यांना हवं असलेलं ऑफिस सांगतात. कागद भरायचा ऑपरेटर ताईंकडून, शिपायाकडून आणि वॉचमनकडून. भोसरीत वॉचमन काकांना विचारलं,

"काका, रात्री फोन कोण घेतं?"

"कोण घेणार? मीच की."

"कुठला फोन?"

"तो आतला, सुपरवायझरच्या टेबलावरचा. पण साडेबाराला आतलं दार लावून मी गेटवर असतो. तिथं वाजलेलं ऐकू येत नाय."

झालं. आधीच्या माणसानं रात्रीचे सगळे कॉल त्याच टेबलावर वळवले होते, आणि मालक समजत होते की रात्री गिऱ्हाइकांचे फोन येतच नाहीत.

कागदावर मी एवढं तरी लिहून घेतो: ऑफिस कागदोपत्री किती वाजता उघडतं आणि फोन उचलणारं माणूस खरोखर किती वाजता खुर्चीत असतं. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर कोण असतं. शेवटचा माणूस किती वाजता जातो. शनिवार पूर्ण की अर्धा. अडीअडचणीला रात्री कुणाला उठवलेलं चालेल, आणि तो नंबर त्या माणसाचा स्वतःचा आहे की कंपनीचा, कारण नोकरी सोडून गेलेल्याच्या मोबाइलवर रात्री कॉल जात राहिलेले मी पाहिले आहेत. आमच्या उदाहरणात ताई साडेनऊला नाही, पावणेदहाला येतात. म्हणून साडेनऊ ते पावणेदहा घंटा ताईंबरोबर शिपायाच्या फोनवरही वाजवायची. वेळ बदलायची नाही, फोन उचलणारे हात बदलायचे.

दुकान असेल तर दुपारी एक ते चार हा चौकोनही भरा. थट्टा करणाऱ्यांनी करावी. बंद म्हणजे बंद हे सांगायला मशीनला काहीच वाटत नाही, माणसाला वाटतं.

मग घड्याळ

मशीन वेळ पाहतं ती स्वतःच्या घड्याळात. टेबलावरच्या फोनच्या पडद्यावर बरोबर वेळ दिसते म्हणून निश्चिंत राहू नका, फोन आपली वेळ दुसरीकडून घेत असू शकतो. फ्रीपीबीएक्सवर कुठल्याही एक्स्टेंशनवरून, म्हणजे आतल्या फोनवरून, स्टार ६० लावा, मशीन स्वतः वेळ बोलून दाखवतं.

क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तिथे साडेनऊ ते साडेसहा टाकलंत तर तुमचं ऑफिस दुपारी तीनला उघडेल आणि रात्री बाराला बंद होईल. गिऱ्हाईक "सकाळी फोन लागत नाही, रात्री मात्र घंटा वाजते" म्हणालं की मी दुसरं काही पाहतच नाही. टाईमझोन एशिया-कोलकाता निवडा, निवडल्यावर सेवा एकदा रीस्टार्ट करा आणि पुन्हा स्टार ६० ऐका. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळं मागेपुढे होत नाहीत, म्हणून हे एकदाच करावं लागतं. परदेशी बनावटीच्या मशीनवर "डेलाइट सेव्हिंग" अशी खूण असेल तर ती काढा.

नंतर एनटीपी, म्हणजे घड्याळ नेटवरून आपोआप जुळतं ठेवणं. त्यासाठी यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे नेटवर जायचं त्या कामाचं दार, बाहेर जायला मोकळा हवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी यंत्रणा जुळवून ठेवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. फोनचं मशीनही त्यातच धरा. आयटीवाल्यांना हे दाखवलं की फायरवॉलमधला पोर्ट पटकन उघडतो, हा माझा अनुभव.

जुन्या, भिंतीवर लावलेल्या ईपीएबीएक्सला नेट नसतं. त्याचं घड्याळ कार्डावरच्या छोट्या सेलवर चालतं. भोसरीच्या जुन्या मशीनवर दर शुक्रवारी सकाळी कॉल नाईट मोडमध्ये जायचे. गुरुवारी विजेच्या लाइनची कामं चालायची म्हणून लाइट बंद, सेल मेलेला, आणि शुक्रवारी मशीन उठायचं ते १ जानेवारीच्या मध्यरात्री. कोणीतरी दुपारी वेळ लावून द्यायचं, पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. वर्षभर लोक प्रोग्रामिंगमध्ये चूक शोधत होते. नाण्याएवढा सेल बदलला, काम संपलं.

वेळांचे गट

फ्रीपीबीएक्सवर आधी "टाईम ग्रुप" बनवायचा. त्यात ओळी असतात. प्रत्येक ओळीत सुरू-बंद वेळ, वार, महिन्यातली तारीख आणि महिना. नियम दोनच, पण ते पाठ हवेत. एका ओळीतल्या सगळ्या अटी एकदम जुळल्या तरच ती ओळ जुळते. आणि अनेक ओळींपैकी एक जुळली तरी अख्खा गट जुळला.

ऑफिसचा गट सोपा: सोमवार ते शनिवार, साडेनऊ ते साडेसहा, एक ओळ. वेळ चोवीस तासांच्या हिशेबात लिहायची, १८:३०. एका ठिकाणी ०६:३० लिहिलेलं सापडलं होतं आणि ते ऑफिस उलट्या बाजूनं जवळजवळ चोवीस तास उघडं राहत होतं.

वर्कशॉपला दोन पाळ्या, सकाळी आठपासून रात्री साडेबारापर्यंत. इथे बहुतेक जण पडतात. "शुक्रवार ते बुधवार, ०८:०० ते ००:३०" अशी एक ओळ टाकली तर मशीन त्या वेळचा वार पाहतं, पाळी कुठल्या वाराची ते त्याला कळत नाही. बुधवारची दुसरी पाळी बारा वाजता गुरुवारात शिरते, आणि गुरुवार तुमच्या ओळीत नाही. म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाला वर्कशॉप बंद. उलट शुक्रवारी पहाटे बारा ते साडेबारा तिथे कुत्रंही नसताना मशीन म्हणणार, चालू आहे. म्हणून दोन ओळी करा. पहिली शुक्रवार ते बुधवार, ०८:०० ते २३:५९. दुसरी शनिवार ते गुरुवार, ००:०० ते ००:३०. मध्यरात्र ओलांडणारी कुठलीही पाळी अशीच तोडा. शुक्रवार ते बुधवार हा आठवड्याला वळसा घालणारा पल्ला ॲस्टरिस्कला समजतो. जुन्या मशीनला समजेलच असं नाही, तिथे रविवार ते बुधवार आणि शुक्रवार ते शनिवार असे तुकडे करा.

ऑफिसातला हिशेब विभाग बँकांप्रमाणे चालतो. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. "दुसरा शनिवार" असा पर्याय स्क्रीनवर शोधत बसू नका. दुसरा शनिवार कुठल्याही महिन्यात ८ ते १४ तारखेच्या मध्येच पडतो, आणि चौथा २२ ते २८ च्या मध्ये. एक ओळ शनिवार आणि ८ ते १४, दुसरी ओळ शनिवार आणि २२ ते २८, महिना मोकळा. वर सांगितलेला पहिला नियम बाकीचं करतो. ही युक्ती गिऱ्हाइकाला दाखवली की ते काही क्षण माझ्याकडे आदरानं बघतात, मग बिल बघतात.

सुट्ट्या: खरं काम इथे आहे

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सरळ. एकदा टाका, दर वर्षी चालतील. टाईम ग्रुपमध्ये वर्ष लिहायला जागाच नसते, म्हणून तारीख कायमची बसते. तिथीच्या सणांना हीच गोष्ट नडते. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षीची ओळ काढायची राहिली तर पुढच्या वर्षी एखाद्या साध्या कामाच्या दिवशी फोन सांगतो, "आज गणेश चतुर्थीनिमित्त कार्यालय बंद आहे", आणि ऐकणारा कॅलेंडर तपासतो.

म्हणून दोन वेगळे गट ठेवा. "सुट्टी कायम" आणि "सुट्टी तिथी". दुसरा गट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण रिकामा करायचा आणि नव्यानं भरायचा. एकेक ओळ दुरुस्त करत बसलात की एखादी राहतेच. फ्रीपीबीएक्सच्या कॅलेंडर मॉड्यूलमध्ये वर्षासकट तारीख टाकता येते, बाहेरचं कॅलेंडरही जोडता येतं. ते वापरायला हरकत नाही, फक्त कुणाचंही तयार कॅलेंडर जोडू नका. त्यात तुमच्या कंपनीत न मिळणाऱ्या सुट्ट्या असतात आणि भाऊबीज नसते.

दिवाळीचा सापळा वेगळा सांगतो. २०२४ ची दिवाळीची सुट्टी समजा ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. एका ओळीत महिना ऑक्टोबर ते नोव्हेंबर आणि तारीख ३१ ते ३ टाकली तर मशीन दोन्ही अटी सुट्या-सुट्या तपासतं. महिना ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर, तारीख ३१, १, २ किंवा ३. म्हणजे १ ते ३ ऑक्टोबरलाही तुमची दिवाळी. महिना ओलांडणारी सुट्टी नेहमी दोन ओळींत: ऑक्टोबर ३१, आणि नोव्हेंबर १ ते ३.

अर्धे दिवसही विसरू नका. नारायण पेठेतल्या ऑफिसला अनंत चतुर्दशी म्हणजे काय ते सांगायला नको. अलका चौकाकडे जाणारी मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, ना माणूस येऊ शकतो ना जाऊ शकतो, आणि ढोलांत फोन ऐकूही येत नाही. माउली आणि तुकोबांच्या पालख्या मुक्कामी असतात तेव्हाही पेठांमधले रस्ते बंद. सरकारी यादीत नसलेले हे दिवस ताईंना विचारूनच कळतात. भोसरीला मात्र त्या दिवशी पाळी चालू असते. म्हणून दोन जागांचे सुट्टीचे गट कधीही एकत्र करू नका.

कोण आधी, कोण नंतर

आता "टाईम कंडिशन" लावायच्या. टाईम कंडिशन म्हणजे रस्त्यातला फाटा: गट जुळला तर इकडे, नाही तर तिकडे. येणारा कॉल आधी सुट्टीच्या फाट्यावर पाठवा. सुट्टी असेल तर तिथूनच सुट्टीच्या निरोपाकडे. नसेल तर पुढे वारवेळेच्या फाट्यावर, मग जेवणाच्या. अपवाद आधी, नियम नंतर. उलटं लावलं तर १५ ऑगस्ट कामाच्या वारी आला की सकाळी साडेनऊला वारवेळेचा फाटा "चालू" म्हणून कॉल उचलतो, आणि सुट्टीच्या फाट्यापर्यंत कॉल कधी पोहोचतच नाही.

आमच्या कंपनीत नंबर एकच आहे, म्हणून सर्वांत आधी आवाजी मेनू येतो: विक्रीसाठी १, वर्कशॉपसाठी २. प्रत्येक आकड्यामागे त्या-त्या जागेची स्वतःची फाट्यांची साखळी. मेनूच्या आधीच एक फाटा टाकून सगळी कंपनी बंद-चालू करायचा मोह होतो. तो आवरा, नाही तर रविवारी वर्कशॉप चालू असूनही गिऱ्हाइकाला "बंद आहे" ऐकावं लागेल.

बंद असताना कॉल जातो कुठे

वॉचमन काकांच्या गेटवर वायर ओढायची की मोबाइलवर वळवायचं, हा पहिला निर्णय. गेट जवळ असेल तर वायर ओढा आणि मोठ्या आवाजाची घंटा लावा. माझं मत स्वच्छ आहे: मोबाइल हा दुसरा पर्याय.

मोबाइलवर वळवायचं झालंच तर काही गोष्टी. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं. त्याआधी लावलेल्या कित्येक मशीनमध्ये रात्रीच्या फॉरवर्डला नुसते दहा आकडे आहेत. जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन धरायलाही शून्यच लागतं, म्हणून तिथे दोन शून्यं टाकावी लागतात: एक लाइनसाठी, एक मोबाइलसाठी. माझ्या हातून एकदा एकच गेलं होतं. दिवसा ताई हातानं दोन शून्यं लावायच्या म्हणून कुणाला कळलं नाही, रात्रीचा प्रत्येक कॉल मात्र "हा क्रमांक अस्तित्वात नाही" वर जाऊन पडत होता. दहा दिवस.

फ्रीपीबीएक्सच्या रिंग ग्रुपमध्ये, म्हणजे एका कॉलवर वाजणाऱ्या फोनांच्या गटात, बाहेरचा नंबर टाकताना शेवटी हॅशचं चिन्ह लागतं, नाही तर तो एक्स्टेंशन समजला जातो. "कन्फर्म कॉल" चालू ठेवा. म्हणजे उचलणाऱ्यानं १ दाबल्याशिवाय कॉल जोडला जात नाही, आणि कुणाच्या मोबाइलची व्हॉइसमेल गिऱ्हाइकाचा निरोप गिळत नाही. काकांना ते समजावून सांगा, दोनदा. किती वेळ वाजवायचं? आपल्याकडची ट्रिंग-ट्रिंग साधारण तीन सेकंदांनी एकदा येते. २४ सेकंद म्हणजे आठ वेळा. त्याहून जास्त कुणी थांबत नाही. तेवढ्यात कुणी घेतलं नाही तर निरोप रेकॉर्ड करून घ्या आणि तो ईमेलनं विक्रीच्या माणसाला पाठवा.

आणखी एक, लाइनींचा हिशेब. वळवलेला कॉल दोन लाइनी खातो, एक आत येताना, एक बाहेर जाताना. पीआरआयवर, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइनवर, ३० बोलण्याच्या वाहिन्या असतात, तिथे फिकीर नाही. दोनच साध्या लाइनी असतील तर रात्री एक कॉल वळवला की दुसऱ्याला एंगेज टोन.

निरोपाचा आवाज

थोडक्यात सांगतो. मराठी आधी, मग हिंदी किंवा इंग्रजी. बारा-पंधरा सेकंद. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे" हे वाक्य काढा, कुणाचाही त्यावर विश्वास नाही. एवढं पुरतं: "नमस्कार. ऑफिस आता बंद आहे. सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा या वेळात फोन करा. पंप बंद पडला असेल तर १ दाबा, निरोप ठेवायचा असेल तर २." सणाच्या निरोपात तारीख आणि सणाचं नाव घालू नका. "आज सुट्टीनिमित्त" म्हटलं की एकच रेकॉर्डिंग वर्षभर चालतं. मशीनला ८ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिटची वेव्ह फाइल द्या. ताईंच्या आवाजात रेकॉर्ड करणार असाल तर दुपारी पंखा बंद करून, खिडकी लावून. एका रेकॉर्डिंगमध्ये मागे भंगारवाला येतो आणि तो रोज रात्री येतो.

बाहेर जाणाऱ्या कॉलना कुलूप

रात्री आणि सुट्टीला परदेशी कॉल बंद ठेवा. फोन मशीन फोडून परदेशात महागडे कॉल लावणारे लोक नेमके शनिवार-रविवारची रात्र निवडतात, कारण सोमवारपर्यंत कुणी पाहत नाही. ०० नं सुरू होणारं सगळं बंद. ज्याला खरोखर लागतं त्याला पिन द्या.

जुनं "एसटीडी लॉक" मात्र तपासून घ्या. ते शून्यानं सुरू होणारं सगळं अडवतं. पूर्वी ठीक होतं, पण आता मोबाइललाही शून्य लागत असल्यानं ते लॉक रात्री काकांना मालकांचा मोबाइलसुद्धा लावू देत नाही. आणि ११२, १०१, १०८ कुठल्याही वेळी, कुठल्याही एक्स्टेंशनवरून लागलेच पाहिजेत. कुलूप लावल्यावर नियमांच्या यादीत हे नंबर सगळ्यात वर आहेत ना, ते डोळ्यांनी पाहा. वर्कशॉपमध्ये रात्री यंत्रात बोट सापडलं तर सुपरवायझर पिन शोधत बसणार नाही.

हाताची कळ

वेळापत्रक कितीही नेटकं असलं तरी एखाद्या दिवशी पाच वाजताच सगळे घरी जातात. त्यासाठी ताईंच्या फोनवर एक बटण हवं. इथे दोन गोष्टींत लोक गल्लत करतात. "कॉल फ्लो कंट्रोल", स्टार २८ नं सुरू होणारा कोड, हा साध्या विजेच्या बटणासारखा आहे: दाबला की बदलतो आणि पुन्हा कुणी दाबेपर्यंत तसाच राहतो. टाईम कंडिशनचा स्वतःचा कोड, स्टार २७ आणि पुढे तिचा क्रमांक, हा तात्पुरता असतो. वेळापत्रकाची पुढची पाळी आली की तो आपोआप सुटतो आणि गाडी रुळावर येते.

मी एकीकडे पहिला लावून दिला होता. विसर्जनाच्या दिवशी दुपारी ताईंनी बटण दाबलं, घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग रविवार. सोमवारी सगळे आले, कामाला लागले, आणि फोन शांत आहे याचं कुणाला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. बुधवारी एक गिऱ्हाईक स्वतः चालत आलं आणि म्हणालं, "मला वाटलं बंदच केलीत कंपनी." त्यानंतर मी रोजच्या वापराला दुसराच कोड देतो. त्या बटणाला दिवा जोडायचा, म्हणजे कळ दाबलेली आहे हे लांबून दिसतं, आणि बटणाखाली मराठीत चिठ्ठी चिकटवायची: "लाल = ऑफिस बंद". फोनबरोबर येणारी छापील इंग्रजी पट्टी कुणी वाचत नाही.

पहिला कोड एकाच कामासाठी ठेवावा: पूर, लाइट जाणं, मालकांच्या घरी काही झालं, अशा किती दिवस चालेल ते माहीत नसलेल्या बंदसाठी. तो फक्त एका माणसाकडे.

भोंगा

भोसरीत पाळी सुटल्याची घंटा फोनच्या स्पीकरवरून द्यायची होती. ॲस्टरिस्कमध्ये यासाठी "कॉल फाइल" असते: एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कुणाला लावायचं आणि काय वाजवायचं ते लिहायचं आणि ती "आउटगोइंग" फोल्डरमध्ये टाकायची. फाइलची बदल-वेळ पुढची असेल तर मशीन तोपर्यंत थांबतं. फाइल आधी दुसरीकडे तयार करून मग त्या फोल्डरमध्ये हलवा. तिथे कॉपी करू नका, नाही तर अर्धवट लिहिलेली फाइलच मशीन उचलतं. रोजच्या भोंग्याला सर्व्हरच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीतून, ही फाइल हलवा आणि गुरुवार वगळा. रात्री साडेबाराच्या भोंग्याला मात्र गुरुवार नाही, शुक्रवार वगळा. जेवणाच्या भोंग्याला दोन मिनिटं उशीर झाला तर युनियन तुमच्याकडे येते, आयटीकडे नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

तपासणी

सर्व्हरचं घड्याळ पुढे-मागे करून तपासू नका. कॉलच्या नोंदी उलट्यापालट्या होतात आणि ते परत जुळवायचं राहून जातं. त्याऐवजी गटात पाच मिनिटांनंतरची एक तात्पुरती ओळ टाका, फोन लावा, ओळ काढा. कॉल बाहेरच्या मोबाइलवरून लावायचा, कारण आतल्या एक्स्टेंशनवरून लावलेला कॉल या फाट्यांवरून जातच नाही. सीमेवर दोनदा तपासा: १८:२९ ला आणि १८:३१ ला. नेमक्या साडेसहाला काय होतं यावर वाद घालू नका. मेनूतला प्रत्येक आकडा, प्रत्येक अवस्थेत, निदान एकदा. काही न दाबताही एकदा. नंतर कॉलच्या नोंदीत तो कुठून कुठे गेला ते वाचा.

सगळं जुळलं की बॅकअप घ्या, तो मशीनबाहेर ठेवा, आणि सुरुवातीचा तो भरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर तारीख आणि पुढच्या डिसेंबरची आठवण लिहा.

पहिल्या रविवारी सकाळी दहाला आणि पहिल्या गुरुवारी रात्री अकराला मी स्वतः फोन लावतो. भोसरीचा त्या रात्री तिसऱ्या घंटेला उचलला गेला. मी आवाज बदलून म्हटलं, "वर्कशॉप चालू आहे का हो?"

"बंद हाय," काका म्हणाले, "अन् साहेब, तुमचा आवाज वळखतो मी."